मस्टरवरची बारावी सही

“द अक्यूज्ड इज इन कस्टडी,” मी म्हटलं.

“द अक्यूज्ड इज इन कस्टडी,” अकरा पोलीस आणि एक चहावाला माझ्यामागून एका सुरात म्हणाले, आणि भिंतीपलीकडच्या लॉकअपमधून आवाज आला, “हाय वो मॅडम, हितंच हाय.”

वर्ग हसत सुटला. पुढच्या बाकावरचे दोघे शिपाई तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. मीही हसले. वर्ग सुरू होऊन दीड महिना झाला होता आणि फळ्यावरचं वाक्य समजून कुणीतरी त्याला उत्तर देण्याची ही पहिलीच वेळ होती. तो मान माझ्या अकरा पोलिसांना सोडून गजाआडच्या आरोपीनं पटकावला, याची गंमत वाटली आणि थोडी लाजही. भिंतीवरच्या घड्याळात आठला वीस कमी होते. तारीख एकोणीस ऑगस्ट, साल सत्त्याण्णव.

दोघंच हसले नव्हते. एक हवालदार ढेपे. ते मान खाली घालून लिहीत होते. दुसरे गुंजाळ मामा, आमचे चहावाले. मामांना वाक्य कळलं नसेल असं मी धरून चालले आणि खास त्यांच्यासाठी पुन्हा एकदा समजावून सांगितलं. अक्यूज्ड म्हणजे आरोपी, कस्टडी म्हणजे कोठडी. मामांनी मान हलवली आणि खाली बघितलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सावरखेडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचे, म्हणजे दर जूनमध्ये प्राचार्यांच्या दारात उभं राहायचं आणि तास मिळाले तर वर्षभर ताठ मानेनं फिरायचं. एक दिवस तिथल्या ठाण्याचे इन्स्पेक्टर भोईटे साहेब कॉलेजात आले. त्यांची माणसं खात्याच्या फौजदार परीक्षेत इंग्रजीच्या पेपरला धडाधड आपटत होती. चोरी, दरोडा, जामीन, पुरावा, साक्षीदार, असं जे रोज हाताखालून जातं तेवढंच इंग्रजीतून शिकवा, कविताबिविता नको, असं त्यांनी सांगितलं. प्राचार्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला पोलिसांची भीती वाटत नव्हती आणि इंग्रजी येत होतं, एवढ्या भांडवलावर मी हो म्हणून मोकळी झाले.

वर्ग ठाण्याच्या मागच्या हॉलमध्ये भरायचा, सकाळी सात ते साडेआठ. इमारत जुनी. हॉल आणि लॉकअप यांच्यामध्ये एकच भिंत आणि तिच्यात वरच्या अंगाला गजांचा एक झरोका. त्यामुळे मी जे काही शिकवायचे ते आतल्या मंडळींनाही फुकट ऐकायला मिळायचं.

पोलिसांना दांडी कशी मारायची ते कुणी शिकवावं लागत नाही. भोईटे साहेब आपल्या माणसांना पुरते ओळखून होते. त्यांनी पहिल्याच दिवशी जाड पुठ्ठ्याचं, पानांवर नंबर छापलेलं मस्टर माझ्या हातात दिलं. प्रत्येकानं आल्यावर वेळ टाकून सही करायची, जाताना पुन्हा वेळ टाकून सही करायची. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची, मनगटावरची नव्हे. शेवटी मी सही करायची आणि मस्टर घरी न्यायचं. “ठाण्यात ठेवलंत तर न आलेले सगळे आलेले निघतील,” साहेब म्हणाले होते.

गुंजाळ मामांचं हॉटेल ठाण्याच्या समोर, रस्ता ओलांडला की. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक स्टो. पहिल्या आठवड्यात ते वर्गात चहा घेऊन यायचे आणि किटली हातात धरून दारात रेंगाळायचे. दुसऱ्या आठवड्यात बसू का म्हणून विचारलं. पन्नाशी उलटलेला, चौथीत शाळा सुटलेला माणूस, पण माझा सगळ्यात मन लावून शिकणारा विद्यार्थी तोच निघाला. मस्टरवर आपलंही नाव हवं, असा त्यांचा हट्ट. मी बाराव्या ओळीत ‘एकनाथ गुंजाळ’ लिहिलं आणि त्यांना इंग्रजीत सही करायला शिकवलं. त्या सहीला अर्धं मिनिट लागायचं आणि तेवढा वेळ जिभेचं टोक दातात असायचं.

मामांचा आणखी एक मान होता. ते ठाण्याचे नेहमीचे पंच होते. झडती घ्यायची, माल जप्त करायचा, तर दोन प्रतिष्ठित नागरिक साक्षीला लागतात, आणि आमच्या ठाण्याला त्यातला एक रस्त्यापलीकडे चहा उकळताना आयताच सापडायचा. सदुसष्ट पंचनाम्यांवर आपली सही आहे, असं मामा अभिमानानं सांगायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. त्यांचं हॉटेल सरकारी जागेवर होतं, कागद कसलाच नव्हता, साहेबांनी मनात आणलं तर एका दुपारीत पत्रे उचलले गेले असते, हे मला माहीत होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं काही मला सुचलं नाही.

एकदा ‘होस्टाइल विटनेस’ शिकवताना मी फळ्यावर मराठीत ‘फितूर साक्षीदार’ असं लिहिलं. मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, हे तेवढं पुसा मॅडम, लई वंगाळ शब्द हाय. सगळे हसले. मी पुसला.

तर त्या एकोणीस तारखेला हसण्याचा गोंधळ शमल्यावर माझं लक्ष ढेप्यांच्या बाकाकडे गेलं. ढेप्यांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं आणि ते त्या दिवशी वर्गाचा पहिला पाव तास सोडला तर सतत लिहीतच होते. अधूनमधून घड्याळाकडे बघत होते. कागदाखाली कार्बनसुद्धा घातलेला दिसला. गैरहजर मित्रासाठी नोट्सची नक्कल काढत असतील, म्हणून माझा ऊर भरून आला. मी सगळ्यांना ऐकवलं की विद्यार्थी असावा तर असा, तुमच्या हसण्याखिदळण्याच्या वेळात या माणसानं तीन पानं लिहून काढली. मागे कुणीतरी खोकलं. ढेपे नम्रपणे हसले आणि लिहीत राहिले. वर्ग सुटायला दहा मिनिटं असताना त्यांनी पुन्हा घड्याळात बघितलं आणि कागद फिरवून शेजारी बसलेल्या गुंजाळ मामांकडे सरकवला. मामांनी जीभ दातात धरून सही केली. मी पाठ वळवली आणि फळ्यावर ‘एविडन्स’ लिहिलं.

लॉकअपमधून बोललेला माणूस माझ्या ओळखीचा होता. अंकुश तांबारे, विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. महिन्यापूर्वीच त्यानं माझ्या घरमालकांच्या पाण्याच्या मोटारीचं जळालेलं वायंडिंग पुन्हा भरून दिलं होतं आणि ते भरताना मला तासभर गप्पांत गुंतवून ठेवलं होतं. गव्हाणच्या एका बड्या बागायतदाराच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. मोटार चोरीला गेली की मोटारी दुरुस्त करणाऱ्याला उचलायचं, असा तिकडे शिरस्ताच होता. त्या सकाळी मी लॉकअपवरून जाताना त्यानं मला हाक मारली होती. घरी सांगा, मी बरा आहे, पोरीला ताप आहे तर तिला डॉक्टरकडे न्या, एवढाच निरोप. वर्ग सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको शेवंता पोरीला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. सुटतील का, असं तिनं विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं की पुराव्याशिवाय कायदा कुणालाही आत ठेवू शकत नाही. त्याआधी तासभर मी तेच शिकवून आले होते.

अंकुश सुटला नाही. मोटार सापडली, त्यानंच काढून दिली असं म्हणे, आणि दोनदा जामीन नाकारून त्याला जिल्ह्याच्या तुरुंगात पाठवलं. मला वाईट वाटलं. मोटार सापडली म्हणजे मग काय बोलायचं, असंही वाटलं. माणूस चांगला होता, पण चांगली माणसंही चोऱ्या करतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. बोलायचं ते बोलून गेले होते, म्हणून शेवंताच्या वाटेनं जायचं मात्र टाळायला लागले.

वर्ग सप्टेंबरअखेर संपला. डिसेंबरात एकदा ढेपे कॉलेजच्या जिन्यात भेटले. तासाची घंटा होत होती. वर्गाचे शेवटचे कागद वर पाठवायचे राहिलेत, असं म्हणून त्यांनी पाच-सहा कागदांची चळत पुढे केली आणि कोपरे दुमडून सहीच्या जागा दाखवल्या. मी भिंतीला कागद टेकवून भराभर सह्या ठोकल्या आणि अभ्यास कसा चाललाय ते विचारलं. आपल्या आशीर्वादानं उत्तम, असं ते म्हणाले.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी गुंजाळ मामा माझ्या खोलीवर आले. रिकाम्या हातानं कुणाकडे जायची सवय नाही म्हणून किटली आणली होती. दुसऱ्या हातात कोर्टाचं समन्स होतं. मस्टर अजून आहे का, असं त्यांनी बसायच्या आधीच विचारलं. ते माझ्या ट्रंकेत होतं. मी काढून दिलं. मामांनी एकोणीस ऑगस्टचं पान उघडायला लावलं आणि बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. आले सहा पंचावन्न, गेले साडेआठ, दोन्ही ठिकाणी ती अर्ध्या मिनिटाची सही.

“अंकुशच्या खटल्यात मी पंच हाय,” मामा म्हणाले. “पंचनाम्यात लिवलंय, त्या दिशी सव्वासात ते आठ वीस म्या गव्हाणच्या वढ्यात हुतो. आन् अंकुशनं माज्या डोळ्यांदेखत झुडपातनं मोटार काडून दिली.”

गव्हाण सावरखेडपासून चौदा किलोमीटर. मी मस्टरकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मग तो पंचनामा लिहिला कुठं, असं मी विचारलं.

“तुमच्याच वर्गात, मॅडम. ढेपे हवालदारांनी. तुमी त्येनला शाबासकी दिली न्हवं का?”

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मोटार आधीच, आदल्या दिवशी, ओढ्यात गुरं पाजणाऱ्यांना सापडली होती. माल होता, पण चोर नव्हता. चोर लॉकअपमध्ये तयार होता, फक्त दोघांची गाठ घालून द्यायची होती. ढेप्यांनी ती माझ्या दुसऱ्या बाकावर बसून घातली. पंचनामा सुरू करताना घड्याळात बघायचं आणि संपवताना बघायचं, ही त्यांच्या हाताला वीस वर्षांची सवय. गव्हाणला गेल्याचं खोटं लिहिलं, ओढ्यातली झडती खोटी लिहिली, झुडूप खोटं लिहिलं, आणि वेळ मात्र माझ्या वर्गातल्या घड्याळाची अगदी खरी लिहिली.

मामा पुढे सांगत होते. सदुसष्टातल्या निम्म्या ठिकाणी ते खरंच गेले होते, निम्म्या ठिकाणी नाही. कधी विचारलं नाही, कधी वाचलं नाही. ठाण्यासमोर दुकान मांडून बसलेल्या माणसानं वाचायचं नसतं, असंच त्यांना वाटत आलं होतं.

“पर ह्या टायमाला लई वंगाळ झालं,” ते म्हणाले. “म्या सही करायच्या आदीच त्यो भिंतीपल्याडनं बोलला हुता, हितंच हाय म्हनून. आन् म्या लिवून देत हुतो की त्यो गव्हाणात हाय. माजा हात थांबला हुता, मॅडम. मंग पुन्यांदा चालला.”

मग त्यांनी खरं भय सांगितलं. पत्रे उचलतील, ते एक. पण त्याहून मोठं भय त्या शब्दाचं होतं. कोर्टात खरं बोललो तर फितूर म्हणतील, पैसे खाऊन फिरला म्हणतील. पंच म्हणून गावात मान होता, तो जाईलच, वर हे नाव पडेल. आणि खरं नाही बोललो, तर अंकुश दोन-तीन वर्षं आत जाईल. शेवंता रोज पोरीला घेऊन हॉटेलापुढून जाते आणि मान वळवूनसुद्धा बघत नाही. म्हणून त्यांना मस्टर हवं होतं.

मी म्हटलं, मामा, मस्टर एकटं कशाला, मी स्वतः येते. आता मला जरा शूर वाटायला लागलं होतं. पाच महिन्यांचं टोचणं एका सकाळीत निघून जाईल, अशी माझी कल्पना. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पान उघडलं की निकाल लागला, असं मी त्यांना सांगितलं. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. छातीठोकपणाबद्दल माझी ख्याती त्यांनाही ठाऊक होती.

कोर्टात गर्दी नव्हती. न्यायाधीश मोहोळकर साहेब साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर ठेवून कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचणारे. आरोपीच्या पिंजऱ्यात अंकुश. पाच महिन्यांत गालफडं बसली होती. त्याच्या बाजूनं सरकारी खर्चानं मिळालेले केंगार नावाचे तरुण वकील होते. मी मस्टर मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसले. दुसऱ्या टोकाला शेवंता होती. तिनं मला बघितलं आणि पदर नीट केला. तपास अंमलदार म्हणून ढेपे सरकारी वकिलांच्या मागे उभे होते, गणवेशाला कडक इस्त्री.

मामांनी ईश्वरसाक्ष खरं सांगण्याची शपथ घेतली. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. सही माझी, असं मामांनी सांगितलं. मग गव्हाणच्या ओढ्यात काय बघितलंत ते सांगा, असं वकील म्हणाले, आणि मामा म्हणाले, “म्या गेलोच न्हाई.”

वकिलांनी पुन्हा विचारलं. मामांनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा वकील न्यायाधीशांकडे वळले आणि साक्षीदार फितूर झाला आहे, तसं जाहीर करावं, अशी त्यांनी विनंती केली. मामांनी कठड्यावरचे हात उचलून जोडले.

“साहेब, त्यो शब्द एवढ्यात लिवू नका. आदी मस्टर बगा. मॅडम घिऊन बसल्यात.”

मोहोळकर साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि मला पुढे बोलावलं. मामांना बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं आणि तिथल्या तिथं माझी साक्ष घ्यायची ठरवली. मी शपथ घेतली, पान उघडून दिलं. नाव, शिक्षण, वर्ग कुणी सांगितला, मस्टर कुणी दिलं, सगळं नीट सांगितलं. केंगार वकिलांचा चेहरा उजळत चालला होता. माझाही असावा. मग सरकारी वकील उठले. ढेप्यांनी मागून एक कागद त्यांच्या हातात दिला.

“ही सही तुमची?”

टाइप केलेला कागद होता. एकोणीस ऑगस्ट रोजी माझ्या प्रकृतीच्या कारणाने वर्ग घेण्यात आला नाही, मस्टरमधील त्या दिवसाच्या नोंदी नंतर एकत्र भरण्यात आल्या. खाली माझी सही. झोकदार, शेवटी वेलांटी काढलेली, जिन्यातल्या भिंतीला टेकवून केल्यामुळे मध्येच जरा थरथरलेली.

माझी पाचावर धारण बसली. ही माझी सही नाही, असं म्हणायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. शब्द ओठांपर्यंत आले होते. समोर बाकावर मामा बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, थेट माझ्याकडे बघत.

“माझीच आहे,” मी म्हटलं.

“वाचून केलीत?”

“नाही. न वाचता केली.”

“कॉलेजात शिकवता तुम्ही. आणि मराठी कागद न वाचता सही करता?”

मागे हशा पिकला. माझ्या वर्गातले दोन शिपाई दारात उभे होते, त्यांचं हसणं मी ओळखलं. त्याच आवाजात ते त्या दिवशी हसले होते. पण उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्यापाशी एकच खरं उत्तर होतं.

“मागणारा माणूस ओळखीचा होता आणि मला घाई होती,” मी म्हटलं. “गुंजाळांनी जशी पंचनाम्यावर केली तशीच मी ह्याच्यावर केली. ते चौथी शिकलेत आणि मी एम. ए. आहे, एवढाच फरक. कागदही एकाच माणसानं पुढे केले.”

सरकारी वकील खाली बसले. काम झालं, असं त्यांना वाटलं असावं आणि मलाही तसंच वाटत होतं. मस्टर म्हणतं वर्ग झाला, दाखला म्हणतो झाला नाही, दोन्हींवर सही माझी. अशा बाईच्या शब्दाला किंमत किती? पिंजऱ्यात अंकुशनं डोळे मिटून घेतले होते. मला शेवंताकडे बघवेना.

मोहोळकर साहेबांनी मात्र तो दाखला डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. मग ढेप्यांना पुढे बोलावलं.

“वर्ग किती दिवस चालला?”

एकसष्ट दिवस, ढेपे म्हणाले.

“उरलेल्या साठ दिवसांचे असे दाखले घेतलेत?”

नाही, साहेब.

“दाखल्यावर तारीख डिसेंबरची आहे. चार महिन्यांनंतर तुम्हाला नेमक्या ह्याच एका दिवसाची आठवण का झाली?”

साहेबांनी मस्टरचं पान त्यांच्यापुढे फिरवलं. पाचव्या ओळीत हवालदार ढेपे होते, आले सहा अठ्ठावन्न, गेले साडेआठ, मोत्याच्या दाण्यासारख्या दोन सह्या. त्या दिवसाच्या सगळ्या ओळी अठरा तारखेनंतर आणि वीस तारखेआधी, एकाच पानावर, कुठंही मध्ये घुसडलेल्या नव्हत्या. ह्या सह्या तुमच्या का, असं साहेबांनी विचारलं. ढेपे भिंतीकडे बघत राहिले. तिथंही घड्याळ होतं.

मग साहेबांनी मला विचारलं की मस्टरमध्ये लिहिलेलं नाही असं त्या दिवसातलं काही आठवतं का. मी सांगितलं. कोणतं वाक्य म्हणून घेत होते, किती वाजले होते आणि भिंतीपलीकडून कोण काय बोललं, ते सगळं. साक्षीआधी मी अंकुशला भेटले नव्हते, मी हे सांगणार हे त्यालाही नवीनच होतं. साहेब पिंजऱ्याकडे वळले आणि त्यानं मॅडमना काय उत्तर दिलं होतं ते त्याला विचारलं.

अंकुशनं गज धरले.

“हाय म्हनलो हुतो, साहेब. हितंच हाय.”

या वेळी कुणी हसलं नाही. शेवंतानं तोंडाला पदर लावला आणि ती रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असल्यामुळे मी ते गिळलं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. अंकुश निर्दोष सुटला आणि ढेप्यांची खात्यांतर्गत चौकशी लागली. मामांचे पत्रे त्याआधीच उचलले गेले होते. त्यांनी कोर्टाच्या फाटकाबाहेर नवं हॉटेल टाकलं, या वेळी रीतसर परवाना काढून, आणि वकिलांच्या गर्दीमुळे ते पहिल्यापेक्षा बरं चालायला लागलं. मला पुढच्या जूनमध्ये कॉलेजात तास मिळाले नाहीत. मी शेजारच्या तालुक्यात गेले आणि तिथं कायमची झाले. मस्टर कोर्टातच राहिलं.

पण त्या दिवशी माझी साक्ष संपल्यावरचं सांगायचं राहिलं. साहेब सांगत गेले तशी टंकलेखकानं माझी साक्ष टाइप केली होती. त्यानं दोन कागद यंत्रातून ओढून काढले, माझ्यापुढे ठेवले आणि खाली बोट दाखवून म्हणाला, “इथं सही करा.” पुढच्या खटल्याचा पुकारा झाला होता. लोक उठत-बसत होते, माझ्या अंगातली ताकद संपली होती आणि मला कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. मी पेन उघडलं आणि टेकवलं.

“मॅडम,” मागून मामा हळूच म्हणाले. “वाचा की आदी.”

मी पेन उचललं. खुर्ची ओढून घेतली आणि बसले. टंकलेखकानं सुस्कारा टाकला, तो टाकू दिला. दोन्ही कागद पहिल्या शब्दापासून वाचत गेले. बहुतेक सगळं बरोबर होतं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं, ‘त्या वेळी वर्गात अकरा पोलीस कर्मचारी व एक चहावाला हजर होते.’ ते बदलायला हवं, असं मी सांगितलं. यात चूक काय आहे, असं टंकलेखकानं विचारलं. मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे आणि मग माझ्यामागे उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं आणि बदला म्हणून सांगितलं.

टंकलेखकानं कागद पुन्हा यंत्रात घातला, ‘एक चहावाला’वर फुल्या मारल्या आणि वर टाइप केलं, ‘वर्गाचे बारावे विद्यार्थी एकनाथ गुंजाळ’. मी ते मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग सही केली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून खाली वेळ टाकली.